न विकल्या जाणाऱ्या घरांचा बाजार: डेक्कन, प्रभात रस्ता आणि एरंडवणे

पुण्यातील डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, विधी महाविद्यालय रस्ता आणि त्यांना लागून असलेला एरंडवण्याचा जुना भाग ही सलग वसाहत आहे. एका अंगाला मुठा नदी आणि कर्वे रस्ता, दुसऱ्या अंगाला वेताळ टेकडीच्या सोंडा, वर फर्ग्युसन महाविद्यालयाची टेकडी. टपाल खात्याच्या लेखी यातला बराचसा भाग ४११००४ या एकाच क्रमांकात येतो. पुण्यात घरांचे दर याहून जास्त असणारे भाग आहेत. पण घराची किंमत आणि घरात राहणाऱ्याचे उत्पन्न यांचा संबंध इतका तुटलेला भाग शहरात दुसरा नसावा. निवृत्तिवेतनावर घर चालवणारे जोडपे आणि कोट्यवधींचा धनादेश देऊन आलेला उद्योजक येथे एकाच जिन्यावर राहतात. या विसंगतीचे कारण शोधणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

माझे प्रतिपादन असे: या भागातला भाव विकणारे ठरवत नाहीत, न विकणारे ठरवतात. बाणेर, वाकड, खराडी येथे मागणी वाढली की नव्या जमिनीवर नव्या इमारती उभ्या राहतात आणि भाव काही अंशी आवरला जातो. डेक्कन-एरंडवण्यात मोकळी जमीन केव्हाच संपली. येथे घर बाजारात येते ते मालक वारल्यावर वाटणी झाली म्हणून, वृद्ध माणसे मुलांकडे किंवा ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत गेली म्हणून, किंवा इमारत पाडून नवी बांधताना बिल्डरच्या वाट्याला जादा फ्लॅट आले म्हणून. पहिली दोन कारणे दर पाहून घडत नाहीत. भाव दुप्पट झाला म्हणून कोणी आईच्या हयातीत बंगल्याची वाटणी मागत नाही आणि भाव पडला म्हणून मृत्यू लांबत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत येथील पुरवठा जवळजवळ अलवचीक आहे. तिसरे कारण, म्हणजे पुनर्विकास, मात्र पूर्णपणे दरावर अवलंबून आहे. गेल्या काही वर्षांत या भागाचा चेहरा बदलला तो त्यामुळेच.

भूखंडांचा नकाशा

नदीपलीकडच्या पेठांतून लोक इकडे येऊ लागले त्याला एकच एक कारण नव्हते. १८९७ च्या प्लेगने दाट वस्तीची धास्ती घातली. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली सुरू झाले आणि १८९५ मध्ये टेकडीच्या पायथ्याच्या वास्तूत आले. त्यामागोमाग प्राध्यापक मंडळी आली. भारत सेवक समाज १९०५ चा, डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था १९०६ ची, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चे, विधी महाविद्यालय १९२४ चे, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून येथे आली आणि एका रस्त्याला आपले नाव देऊन गेली. तिच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पन्नास वर्षांच्या आत एका टेकडीच्या आसपास इतक्या संस्था उभ्या राहणे ही साधी गोष्ट नाही. नोकरी, ग्रंथालय, मैदान आणि शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असलेली मध्यमवर्गीय वस्ती यातून तयार झाली.

पण संस्थांपेक्षाही टिकाऊ ठरली ती जमिनीची आखणी. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करून त्यांतून सरळ रस्ते आणि चौकोनी प्लॉट पाडण्याची पद्धत रुळली. आजही येथील खरेदीखतांत ‘फायनल प्लॉट’चा क्रमांक येतो, तो त्या आखणीचा वारसा. साधारण पाचशे ते दीड हजार चौरस मीटरचे प्लॉट, मध्ये बंगला, मागे आउटहाऊस, पुढे बाग, समोर सहा किंवा नऊ मीटरचा रस्ता. बंगले पडले, इमारती उठल्या, त्याही आता पडताहेत. पण प्लॉटची हद्द आणि रस्त्याची रुंदी फारशी बदललेली नाही. पुढे जे गणित येणार आहे ते सगळे या दोन मापांवर उभे आहे.

येथे कोण आले, हेही स्पष्ट लिहायला हवे. जमीन घेणाऱ्यांत ब्राह्मण कुटुंबांचे प्रमाण मोठे होते, कारण त्या काळी इंग्रजी शिक्षण आणि त्यातून मिळणारी पगाराची नोकरी मुख्यतः त्यांच्याकडे होती. १९४८ नंतर दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांतून आलेल्या कुटुंबांची त्यात भर पडली. गांधीहत्येनंतरची जाळपोळ हे त्याचे एक कारण, कुळकायद्याने शेतीवरचा हक्क गेला हे दुसरे. गावाकडची जमीन सुटलेल्या माणसाला शहरातल्या स्वतःच्या छपराचे मोल काय वाटले असेल याची कल्पना केली, की ‘घर विकायचे नाही’ हा या भागातला जवळजवळ धर्मासारखा पाळला जाणारा नियम समजू लागतो.

बंगल्यातून फ्लॅटकडे

साठच्या दशकात कायद्याने एका जमिनीवर अनेकांची मालकी शक्य केली. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, म्हणजे ‘मोफा’, १९६३ चा, अपार्टमेंट मालकीचा कायदा १९७० चा. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. त्यात पुणे ‘ब’ वर्गात होते आणि मोकळ्या जमिनीची मर्यादा १००० चौरस मीटर होती. मोठे आवार मोकळे राखणे जोखमीचे वाटू लागले आणि बंगल्याच्या जागी चार मजल्यांची इमारत बांधण्याला जोर आला. (हा कायदा महाराष्ट्राने २००७ अखेर रद्द केला; तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.)

त्या इमारती आजही ओळखू येतात. तीन-चार मजले, लिफ्ट नाही, खाली थोडेसे पार्किंग, त्यातही स्कूटरचाच विचार केलेला. जेमतेम एक एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राइतकेच बांधकाम. एकाच जिन्याभोवती एक खोली-स्वयंपाकघरापासून तीन बेडरूमपर्यंतची घरे. विकत घेणारे बँकेतले, आयुर्विम्यातले, सरकारी खात्यातले, शाळा-महाविद्यालयांतले. भविष्य निर्वाह निधीतून उचल, थोडे दागिने, आणि १९७७ नंतर एचडीएफसीसारख्या संस्थेचे कर्ज. या भागाच्या इतिहासात नोकरदाराला वारसा नसताना, केवळ पगारावर आत येता आले ते याच वीस-पंचवीस वर्षांत. त्याआधी जमीन घ्यावी लागे आणि त्यानंतर भाव हाताबाहेर गेला. मला हा काळ या वसाहतीतला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण लहान फ्लॅट आणि मोठा फ्लॅट तेव्हा एकाच इमारतीत होते.

रहिवासी

आजच्या रहिवाशांत सर्वांत ठळक गट त्या फ्लॅटधारकांचा. तेव्हाचा चाळिशीतला माणूस आता ऐंशीच्या पुढे आहे. नव्वदच्या दशकात संगणकाच्या लाटेबरोबर मुले अमेरिकेला गेली आणि राहिली. त्यामुळे सकाळी नऊ वाजता या गल्ल्यांत दिसतात ती काठी घेऊन फिरणारी माणसे, त्यांच्याबरोबरच्या केअरटेकर मावशी, डबेवाले आणि रक्ताचे नमुने घ्यायला आलेली लॅबची मुले. घरात दोन माणसे, कित्येकदा एकच. मालमत्ता कोटींत, पेन्शन हजारांत. या गटाला श्रीमंत म्हणावे की नाही हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही: घर विकले तर ते श्रीमंत आहेत, आणि घर विकायचेच नसल्यामुळे ती श्रीमंती त्यांना कधीच वापरता येत नाही.

बंगल्यात राहणारी कुटुंबे संख्येने थोडी उरली आहेत. त्यांची अडचण निराळी. आजोबांनी घेतलेला प्लॉट तिसऱ्या पिढीत सात-आठ नावांवर येतो. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क मिळाला. हे न्याय्यच झाले. पण बाजाराच्या दृष्टीने प्रत्येक बंगल्यामागे लागणाऱ्या सह्या वाढल्या. एक वारस न्यू जर्सीत, एक बंगळुरात, एक कोथरुडात. वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र करायचे, कोणी हक्कसोडपत्र द्यायला तयार, कोणी नाही. परदेशस्थ भावाचा हिस्सा विकताना खरेदीदाराला उगमस्थानी करकपात वेगळ्या, चढ्या दराने करावी लागते, म्हणून अनेक खरेदीदार अशा व्यवहारापासून लांबच राहतात. निर्णय पुढे ढकलला जातो आणि बंगल्याच्या फाटकाला कुलूप राहते. बाहेरच्याला ते दुर्लक्ष वाटते. आत बहुधा एकमत न झालेले कुटुंब असते.

भाडेकरूंचा गट तरुण आणि फिरता आहे. विधी महाविद्यालय, फर्ग्युसन, बीएमसीसी, फिल्म इन्स्टिट्यूट यांचे विद्यार्थी, दीनानाथ मंगेशकर रुग्णालय आणि आसपासच्या दवाखान्यांतले निवासी डॉक्टर, स्पर्धा परीक्षांची मुले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सच्या मालकाला मुदतीनंतर जागा परत मिळण्याची खात्री दिली. त्यामुळे कुलूपबंद घरांपैकी काही उघडली, सगळी नाहीत.

नवा खरेदीदार पुनर्विकासाच्या इमारतीतून येतो. आयटी कंपनीतला वरिष्ठ अधिकारी, स्वतःचे रुग्णालय असलेला डॉक्टर, सातारा-सांगली-नगरकडचा कारखानदार किंवा शिक्षणसंस्थाचालक, पेठेत दुकान असलेले व्यापारी कुटुंब, परदेशातून परतणारे जोडपे. जातीने आणि प्रांताने हा गट जुन्या रहिवाशांहून खूप मिश्र आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. उत्पन्नाने मात्र तो पूर्वीपेक्षा कितीतरी एकसुरी आहे.

आणि दिवसा येऊन संध्याकाळी जाणारी माणसे: स्वयंपाकाच्या, धुण्याभांड्याच्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बाया, ड्रायव्हर, वॉचमन. ती पुलाची वाडी, जनवाडी, केळेवाडी अशा वस्त्यांतून येतात. या भागातल्या वृद्धांचे स्वतंत्र राहणे अक्षरशः त्यांच्या हातावर चालते. पुलाची वाडी तर डेक्कनला खेटून, नदीच्या काठावर आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा पाणी तिच्यावरून गेले आणि २५ जुलै २०२४ च्या पुरातही डेक्कनजवळ नदीकाठी विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. प्रभात रस्ता आणि हा काठ यांच्यात उंचीचा फरक थोड्या मीटरांचा आहे. घरबाजाराचे कुठलेही विवेचन तो फरक वगळून पुरे होत नाही.

भाव कसा ठरतो

व्यवहार थोडे, म्हणून प्रत्येक व्यवहाराचा बोलबाला मोठा. एका गल्लीत वर्षभरात दोन-तीन जुने फ्लॅट विकले गेले, तर तेच पुढच्या सगळ्यांचे मोजमाप होते. नोंदणी कार्यालयाची ‘इंडेक्स टू’, म्हणजे सूची क्रमांक दोन, कोणालाही पाहता येते आणि एजंट मंडळी ती रोज पाहतात. तरी गल्लीत फिरणारा आकडा बहुधा नोंदवलेल्या आकड्याच्या वरचा असतो, कारण तो मागितलेला भाव असतो. थोड्या व्यवहारांच्या बाजारात मागितलेला भावच हळूहळू खरा मानला जातो. शासनाचा रेडीरेकनर मुद्रांक शुल्काची तळरेषा ठरवतो. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींतला फरक त्याला सहसा टिपता येत नाही. मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून पुण्यात सात टक्के, महिलेच्या नावावर एक टक्का कमी. सप्टेंबर २०२० पासून काही महिने शासनाने मुद्रांक शुल्क कमी केले तेव्हा रेंगाळलेल्या कितीतरी व्यवहारांना गती मिळाली. पण जे विकायचेच नव्हते ते सवलतीनेही बाजारात आले नाही.

न विकण्याची किंमत किती? समजा एका फ्लॅटची बाजारातली किंमत तीन कोटी आहे. भारतीय शहरांत घरभाड्याचा परतावा सर्वसाधारणपणे किमतीच्या दोन ते तीन टक्के असतो. अडीच टक्के धरला तर वर्षाला साडेसात लाख, महिन्याला साठ-बासष्ट हजार. हीच रक्कम सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवली तर वर्षाला एकवीस लाख. म्हणजे घर भाड्याने देणारा मालक वर्षाला साडेतेरा लाखांवर पाणी सोडतो आणि घर बंद ठेवणारा त्याहून जास्त. तरीही तो विकत नाही, कारण भाव वाढेल ही अपेक्षा आहे, परत यायला ठिकाण हवे आहे, आणि भावंडांत तो विषय काढायचा नाही.

कायदाही धरून ठेवणाऱ्याच्या बाजूने आहे. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, देशात १९८५ मध्ये रद्द झाला. राहते घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आणि वर स्थानिक अधिभार. विकायला गेले तर मात्र भांडवली नफ्यावर कर. घर पिढ्यान्‌पिढ्या बंद ठेवणाऱ्याला वेगळा आकार कोणी लावत नाही. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत देते. २०१८ मध्ये काढून घेतलेली ही सवलत २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती योग्यच आहे. पण बंद घर आणि राहते घर यांच्यात कर फरक करतो तो एवढाच.

पुनर्विकासाचे गणित

येथपर्यंत वर्णिलेला बाजार गोठलेला आहे. तो वितळतो पुनर्विकासाने. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने रस्त्याच्या रुंदीनुसार बांधकामाची मर्यादा ठरवली. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ एफएसआय, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) नाही. नऊ ते बारा मीटरच्या रस्त्यावर मूळ १.१, शुल्क (प्रीमियम) भरून ०.५, टीडीआर ०.४, एकूण २. त्यावर निवासी बांधकामाला साठ टक्के ‘अॅन्सिलरी’, म्हणजे पूरक चटईक्षेत्र. मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटरच्या आत नियम आणखी सैल आहेत. डेक्कन आणि कर्वे रस्त्यावरची गरवारे महाविद्यालय, नळ स्टॉप ही स्थानके सुरू झाल्याने या भागातले बरेच प्लॉट त्या वर्तुळात येतात. सहा मीटर आणि नऊ मीटर यांतला फरक इतका मोलाचा आहे, की २०२० साली शहरातले तीनशेहून अधिक सहा मीटरचे रस्ते कागदावर नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव महापालिकेत आला आणि त्यावरून मोठा वाद झाला.

एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. आकडे मी गृहीत धरलेले आहेत. नऊ मीटरच्या रस्त्यावर १००० चौरस मीटरचा प्लॉट. त्यावर ऐंशीच्या दशकातली इमारत, ७५ चौरस मीटर कार्पेटचे (भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्राचे) बारा फ्लॅट. पुनर्विकासाला मिळणारे प्रोत्साहनपर क्षेत्र बाजूला ठेवले तर नव्या नियमाने बांधकाम २००० अधिक १२००, म्हणजे ३२०० चौरस मीटर. त्यातून कार्पेट निघेल सुमारे २४५०. सभासदांना तीस टक्के जादा द्यायचे तर ११७० त्यांचे. उरले १२८० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३,८०० चौरस फूट. बिल्डर विकू शकतो ते एवढेच. कार्पेटचा दर फुटाला २२,००० धरला तर हाती येतात तीस कोटी. खर्च: बांधकाम आणि पार्किंगला चौदा कोटी, टीडीआर, प्रीमियम आणि परवानगी शुल्क पाच कोटी, बारा कुटुंबांचे छत्तीस महिन्यांचे भाडे दोन कोटींच्या आत, व्याज, आर्किटेक्ट आणि विक्रीखर्च तीन कोटी. उरतात सहा कोटी.

या सहा कोटींची नाजूकता पाहा. दर दहा टक्क्यांनी घसरला तर त्यातले तीन कोटी गेले. सभासदांनी तीसऐवजी चाळीस टक्के जादा मागितले तर आणखी दोन कोटींहून अधिक गेले. म्हणून सर्वसाधारण सभेत सर्वांत मोठा आकडा देणाऱ्या बिल्डरला टाळ्या मिळतात तेव्हा मला काळजी वाटते. ज्याने गणितातला सगळा ओलावा पिळून घेतला आहे, तो पहिल्या मंदीत भाडे थांबवतो, मग काम थांबवतो, आणि ऐंशीच्या घरातली माणसे भाड्याच्या घरात अडकून पडतात. त्यांच्यासाठी तीन वर्षांचा विलंब हा आयुष्याचा उरलेला सगळा भागही असू शकतो. जादा क्षेत्रापेक्षा बँक हमी, महारेरातली नोंदणी आणि बिल्डरने वेळेत पूर्ण केलेल्या आधीच्या इमारती यांना जास्त वजन दिले पाहिजे.

आता हेच उदाहरण फुटाला १०,००० दर असलेल्या उपनगरात नेऊ. विक्रीतून येतील पावणेचौदा कोटी आणि निव्वळ बांधकामच चौदा कोटींचे. टीडीआर आणि भाडे तेथे स्वस्त असले तरी गणित बसत नाही. नियम तोच, इमारतीचे वय तेच, गळके छत तेच. पण पुनर्विकास होतो तो जेथे नव्या फ्लॅटचा दर चढा आहे तेथे. शहरात अनेक जुन्या सोसायट्या बिल्डरची वाट पाहत असताना प्रभात रस्त्याच्या एकेका गल्लीत एकाच वेळी चार-चार क्रेन उभ्या दिसतात, त्याचे कारण इतके सरळ आहे.

लाभ कोणाला? जुन्या फ्लॅटचा दर १६,००० धरला तर सभासदाचे घर एक कोटी तीस लाखांच्या आसपासचे होते. नवे होते दोन कोटी तीस लाखांचे. कुटुंबामागे सुमारे एक कोटी. हे पैसे आले वाढीव बांधकामाच्या परवानगीतून, आणि ती परवानगी सार्वजनिक आहे. टीडीआर हा तर शहरात दुसरीकडे कोणाची तरी जमीन रस्त्याला किंवा बागेला गेल्याचा मोबदला. मालमत्ता असलेल्याला सार्वजनिक परवानगीने आणखी मालमत्ता मिळते. यात गैर काही नाही, जुन्या इमारती पडायला आल्या आहेत आणि लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्यावर कैद झालेल्या माणसांना ती सुटका आहे. पण हे शहराने दिलेले आहे, याची जाणीव या व्यवहारांत क्वचित दिसते.

संमतीचा कायदा येथे वेग ठरवतो. सहकारी सोसायटीत सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या २०१९ च्या निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी एक्कावन्न टक्क्यांची संमती पुरते. १९७० च्या कायद्याखालच्या अपार्टमेंटमध्ये प्रत्येकाचा जमिनीत अविभक्त हिस्सा असतो आणि व्यवहारात संमती जमवणे जास्त अवघड जाते. शेजारशेजारच्या दोन सारख्या इमारतींपैकी एक पाडली जाते आणि दुसरी वर्षानुवर्षे तशीच राहते, त्यामागे बरेचदा एवढाच फरक असतो.

घरांचे माप

पुनर्विकासाने या भागाचे जे सर्वांत मोठे नुकसान होत आहे ते उंच इमारतींचे नाही. झाडांचे आहे, हे खरे: बंगल्याच्या बागेतला आंबा आणि फणस तळघरातल्या पार्किंगपुढे टिकत नाहीत, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना दिलेला वारसा दर्जा त्यांना नेहमीच वाचवतो असे नाही. पाण्याचे आहे: बोअरवेल आणि टँकर आता उन्हाळ्यापुरते राहिलेले नाहीत. पण मला त्याहून गंभीर वाटते ते लहान घर नाहीसे होणे. जुन्या इमारतीत साडेचारशे चौरस फुटांचा फ्लॅट होता. नव्या इमारतीत विक्रीचे फ्लॅट तीन आणि चार बेडरूमचे आहेत, कारण बिल्डरला बारा लहान खरेदीदारांपेक्षा पाच मोठे परवडतात आणि प्रत्येक फ्लॅटमागे पार्किंग द्यावे लागते. शाळेतली शिक्षिका, बँकेतला कारकून, रुग्णालयातली परिचारिका यांना विकत घेता येईल असे मापच बाजारातून जात आहे.

जुना सभासदही फार काळ टिकेल असे नाही. लिफ्ट, जनरेटर, यांत्रिक पार्किंग, सुरक्षारक्षक यांमुळे महिन्याचा मेन्टेनन्स दोन हजारांवरून दहा हजारांवर जाऊ शकतो. मिळकतकराची आकारणी नव्याने होते आणि जुन्या भाडेमूल्यावर बसलेली रक्कम कित्येक पटींनी वाढते. बिल्डरने दिलेल्या कॉर्पस फंडाचे व्याज काही वर्षे पुरते. नंतर पेन्शनर जोडपे तो सुंदर नवा फ्लॅट भाड्याने देऊन स्वतः वारज्याला किंवा कोथरुडच्या पलीकडे राहायला जाते. ज्यांच्या नावाने पुनर्विकास झाला ते पाच-सात वर्षांत तेथे नसतात.

नियमावलीत सर्वसमावेशक घरांची तरतूद आहे: मोठ्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के क्षेत्र लहान घरांसाठी राखायचे. डेक्कन-एरंडवण्याचे प्लॉट बहुतेक त्याच्या निम्म्यापेक्षाही लहान आहेत, म्हणून ती तरतूद या भागाला जवळजवळ कधीच लागू होत नाही. शेकडो लहान प्लॉटवर मिळून प्रचंड बांधकाम होते आणि त्यात एकही लहान घर बांधण्याचे बंधन नसते. येथे भूखंडाचे क्षेत्र हा निकष चुकीचा आहे. तो बदलून शुल्क भरून घेतलेल्या जादा एफएसआयला बंधन जोडता येईल: पन्नास चौरस मीटरच्या आतले निदान दोन फ्लॅट विक्रीच्या भागात बांधले तरच प्रीमियमची पूर्ण सवलत, आणि अशा फ्लॅटना चारचाकी पार्किंगची सक्ती नाही. मेट्रो दारात आल्यावर ती सक्ती ठेवण्याचे कारणही उरत नाही. वरच्या उदाहरणात असे दोन फ्लॅट विक्रीच्या १२८० चौरस मीटरपैकी जेमतेम शंभर घेतात. ते कमी भावाने विकायचे नसून लहान मापाचे बांधायचे आहेत, त्यामुळे दर फुटामागे बिल्डरचे नुकसान फारसे नाही. त्यांतल्या एखाद्यात रुग्णालयातली परिचारिका राहील, दुसऱ्यात वरच्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट सोडून त्याच इमारतीत खाली उतरलेली एकटी आजी. तिला मेन्टेनन्स निम्मा पडेल आणि डॉक्टर, ग्रंथालय, भाजीवाला आणि चाळीस वर्षांचा शेजार सोडावा लागणार नाही.